भुऱ्याचा फाटका कान

प्रतिभा भोये बारावी झाली त्याच वर्षी जव्हारला एका किराणा दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास निघाला. साल २००२. पालघर जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, सगळं ठाण्यातच मोडायचं. प्रतिभाचे वडील तुळशीदास गुरुजी जामसरच्या बाजूला प्राथमिक शाळेवर होते. पोरीने डी.एड. करावं आणि आपल्यासारखं शाळेवर लागावं एवढंच त्यांच्या मनात होतं. प्रवेशाला अजून अवकाश होता, म्हणून तोवर क्लासला जाऊ दे, असं त्यांनीच म्हटलं. पुढे कितीतरी दिवस त्यांना या शब्दाचा पस्तावा झाला.

क्लास चालवणारे देवरे सर नाशिकचे. माउस हातात धरायची पोरांची भीती जावी म्हणून त्यांनी प्रत्येक मशीनवर एक खेळ टाकून ठेवला होता. खेळ म्हणावा तर त्यात जिंकणं-हरणं काही नव्हतं. पडद्यावर कुत्र्याचं एक पिल्लू यायचं. त्याला कुरवाळायचं, खाऊ घालायचं, त्याच्याकडे चेंडू फेकायचा. लाड केले की ते मागे मागे फिरायचं. दुर्लक्ष केलं तर कोपऱ्यात तोंड लपवून बसायचं आणि फारच छळलं तर निघून जायचं ते कायमचं. बाकीची पोरं थोड्याच दिवसांत कंटाळली आणि टायपिंगला लागली. प्रतिभा काही कंटाळली नाही. तिने त्यातली सगळी कुत्री पाळून बघितली. झिपरी, ठिपक्यांची, आखूड पायांची. मग एक दिवस तिने विचारलं, "सर, यात आपला कुत्रा कुठंय?"

"आपला म्हणजे?"

"दारात बसतो तो."

देवरे सर हसले. "गावठी? अगं, तो फुकट मिळतो. त्याच्यासाठी सीडी कोण विकत घेईल?"

क्लासात खसखस पिकली. प्रतिभा हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे तिच्या मामाचा कुत्रा उभा राहिला होता. बाबल्या मामाचं घर सूर्यमाळला, जंगलाला लागून. त्याच्या भुऱ्याने एका पावसाळ्यात बिबट्याला गोठ्याच्या दाराशी अडवलं होतं. बिबट्या करडं न घेता परत गेला आणि जाताना भुऱ्याचा अर्धा कान फाडून गेला. अख्ख्या पाड्याला हे ठाऊक होतं. असा कुत्रा फुकट मिळतो म्हणे.

क्लासात फोनच्या लाइनवर इंटरनेट चालायचं, लाइट असली तर. प्रतिभाने त्यावर या खेळाची हकीकत हुडकून काढली. नव्वदीच्या मध्यावर परदेशातल्या एका लहानशा कंपनीने तो काढला. आधी नुसता कुत्रा आला, मग मांजर, मग दोन्ही एकत्र. पुढच्या भागात जनावरांना पिल्लं होऊ लागली आणि खेळ जगभर पसरला. मग मोठ्या कंपनीने लहान कंपनीला विकत घेतलं, तिला आणखी मोठीने घेतलं, आणि ज्यांनी पहिला कुत्रा घडवला ती माणसं पांगली. खेळ मात्र पोरींनी जिवंत ठेवला. पोरींनीच म्हणायचं, कारण देशोदेशीच्या शाळकरी मुलीच त्यात जास्त होत्या. कुत्र्याची फाइल उघडून आतले आकडे बदलले की नवा कुत्रा बनतो, हे त्यांनी शोधून काढलं होतं आणि त्या एकमेकींना ते शिकवत होत्या.

प्रतिभाने एका फुकटच्या प्रोग्रॅममध्ये ती फाइल उघडली. आत कुत्रा नव्हताच, नुसते आकडे होते. पडद्यावरचा सगळा कुत्रा गोळ्यांचा बनलेला. नाक म्हणजे एक गोळा, गुडघा म्हणजे एक गोळा. कुठला किती मोठा, कुठल्या रंगाचा, कुणाला चिकटलेला, ते आकड्यांत लिहिलेलं. तिचा पहिला प्रयत्न असा झाला, की कुत्रा चालू लागला आणि त्याचं मुंडकं चार बोटं मागून यायला लागलं. देवरे सरांनी खुर्चीतून उठून ते बघितलं आणि ते पोट धरून हसले.

चैत्रात ती मापं घ्यायला सूर्यमाळला गेली. मोखाड्याला एसटीने, तिथून जीपने. पाड्यावर पाण्याची ओढाताण होती. मामी हंडा घेऊन खालच्या झऱ्यावर गेलेली, आणि भुऱ्या रांजणाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडला होता. प्रतिभाने शिवणकामाची टेप काढली. मामाने कुत्र्याला धरलं.

"याला काय सदरा शिवतीस, बाय?"

"नाय मामा. याला कॉम्प्युटरमध्ये घालते."

"आन् मंग इथं राखन कोन करल?"

"हा इथंच राहील. तिथं दुसरा होईल."

मामाने मान डोलावली. त्याला एवढंच कळलं की भाची कुत्र्याची आठवण ठेवते आहे, आणि ते त्याला बेस वाटलं. त्याने फाटक्या कानाजवळ बोट नेऊन दाखवलं. "हे नीट घे. हे चुकलं तर भुऱ्या नाय."

पावसाळा संपेपर्यंत कुत्रा उभा राहिला. तांबूस अंग, आत गेलेलं पोट, वर वळलेली शेपटी, डावा कान अर्धा. स्वभावाचेही आकडे होते. खेळातली कुत्री हाक मारली की शेपटी हलवत धावायची. प्रतिभाचा भुऱ्या हाक मारली की आधी बघायचा आणि मग त्याला वाटलं तर यायचा.

एवढ्यात गुरुजींना कुणीतरी सांगितलं, की तुमची पोरगी क्लासात दिवसभर कुत्री खेळवते. ते शाळेतून थेट माडीवर आले. प्रतिभा पडद्याशी होती.

"हे शिकायला पाठवलं होतं तुला?"

"बाबा, हे मी केलंय."

"लोक हसतात, प्रतिभा."

"हसू दे. हसणाऱ्यांपैकी एकाला तरी करून दाखवायला सांगा."

गुरुजी जिना उतरले. घरी महिनाभर बाप-लेकीत कामापुरतं बोलणं. प्रतिभाने डी.एड.ला नाव घातलं नाही. देवरे सरांना तिने सांगितलं, की सकाळी नव्या मुलांना मी शिकवते, दुपारी एक मशीन माझं. सरांना फुकटात शिकवणारी मिळाली, ते कशाला नाही म्हणतील?

इंटरनेटवर या कुत्र्या-मांजरांची प्रदर्शनं भरायची. परीक्षक असत, जिंकणाऱ्याला रंगीत फीत मिळे. फीत म्हणजे चित्रच, पण त्यासाठी पोरी जिवाचं रान करायच्या. सगळ्यात मानाचं प्रदर्शन कॅनडातली एक बाई भरवायची. प्रतिभाने सभासद होऊन भुऱ्याला तिकडे पाठवलं. जात: गावठी.

बाईचं उत्तर गोड भाषेत आलं. कुत्रा सुरेख आहे, पण ही जात आमच्या यादीत नाही. मिश्र जात म्हणून वेगळ्या गटात घालता येईल. किंवा यादीतल्या एखाद्या जातीचं नाव द्यावं, कान दुरुस्त करावा, म्हणजे मुख्य स्पर्धेत घेऊ.

देवरे सर म्हणाले, "दे ना कान जोडून. दोन आकडे बदलायचे. फीत मिळेल, आपल्या क्लासचं नाव होईल."

"कान जोडला तर तो भुऱ्या नाही, सर."

"अगं, त्यांना कुठे माहीत आहे भुऱ्या?"

"म्हणूनच जोडायचा नाही."

डिक्शनरी शेजारी ठेवून तिने उत्तर लिहिलं. इंग्रजी मोडकं होतं, पण म्हणणं सरळ होतं. हा मिश्र नाही, कुणी दोन जाती आणून याची मिसळ केलेली नाही. याचे आईबाप, त्यांचे आईबाप याच डोंगरातले. तुमच्या यादीत नाही, तर यादी अपुरी आहे. कान बिबट्याने फाडला आहे, ती चूक नाही, म्हणून दुरुस्ती होणार नाही. बाईने पुन्हा समजावलं, प्रतिभाने पुन्हा तेच लिहिलं, आणि तिसऱ्या वेळी तिचं सभासदत्व काढून टाकण्यात आलं. त्या दिवशी ती क्लासातून लवकर घरी आली आणि तिने चुलीशी बसून नागलीच्या भाकरी थापल्या.

दुसऱ्या दिवशी तिने इंटरनेटवर स्वतःचं पान उघडलं. जागा फुकट मिळत होती. पानाला नाव दिलं 'गावठी'. नियम एकच, की पडद्यावरचा कुत्रा खरोखरीच्या कुत्र्यावरून केलेला असावा आणि तो कुठे राहतो ते सांगावं. फीत नाही, नंबर नाही. बरेच दिवस तिथे भुऱ्या एकटाच होता. मग फिलिपाइन्समधल्या एका मुलीने कोळ्यांच्या वस्तीतली तीन पायांची कुत्री पाठवली. ब्राझीलहून एक आला, बसस्टँडवरचा. रुमानियाहून एक म्हातारा कुत्रा आला, कारखान्याच्या फाटकावर राहणारा. प्रतिभा प्रत्येकाची हकीकत मराठीतही लिहायची. ती कोण वाचणार, असं देवरे सर विचारत. "मी वाचते," ती म्हणायची.

दोन वर्षांनी ब्राझीलच्याच मुलीने तिला कळवलं, की कॅनडाच्या प्रदर्शनात तुझा कुत्रा पहिला आलाय. प्रतिभाने जाऊन बघितलं. भुऱ्याच होता. कुणीतरी तिची फाइल उतरवून घेऊन कान जोडला होता, पोट भरलं होतं, आणि जातीचं नाव ठेवलं होतं 'सोनेरी भारतीय शिकारी'. घडवणाऱ्याच्या जागी भलतंच नाव. तिने बाईला लिहिलं. बाईने पुरावा मागितला.

घरी तिने हे आईला सांगितलं, तेव्हा गुरुजी ओट्यावर बसले होते. ते आत आले.

"नाव बदललं?"

"हो."

"आणि कान?"

"जोडला."

गुरुजी तिच्यासमोर खाली बसले. मग म्हणाले, "मला शाळेत घातलं तेव्हा माझं नाव माघ्या होतं. माघात जन्मलो म्हणून. मास्तरांनी विचारलं, हे काय नाव आहे? आणि तुळशीदास लिहिलं. बापाला ते कळलंही नाही. तो मरेपर्यंत माघ्याच म्हणायचा, आणि मला चार लोकांत लाज वाटायची." त्यांनी पोरीकडे बघितलं. "तू भांड. सोडू नको."

पुढच्या रविवारी मोखाड्याच्या फोटोवाल्याला जीपमध्ये घालून गुरुजी स्वतः सूर्यमाळला घेऊन गेले. भुऱ्या आता थकला होता. मामाने त्याला अंगणात उभं केलं आणि गुरुजींनी, ज्यांनी कधी कुत्र्याला हात लावला नव्हता, त्याची मान वळवून फाटका कान कॅमेऱ्याकडे केला. फोटो कॅनडाच्या बाईला पाठवला. खाली प्रतिभाने लिहिलं, हा मूळ.

कॅनडाच्या बाईने फीत काही परत घेतली नाही. एवढंच कळवलं, की निकाल लागून गेला आहे. प्रतिभाने मग तो फोटो आणि सगळा पत्रव्यवहार आपल्या पानावर उघडा मांडला. बऱ्याच मुलींनी तिकडे जाणं सोडलं, बऱ्याचजणी जात राहिल्या.

देवरे सर नाशिकला परत गेले तेव्हा क्लास प्रतिभाने चालवायला घेतला. भुऱ्या त्याच्या आदल्या वर्षी गेला. मामाने त्याला बांधाशेजारी पुरलं. खेळाचे नवे भाग येत राहिले, पण नाव तेवढं जुनं, बाकी सगळं निराळं. हातात मावणाऱ्या यंत्रावरची गोंडस, सारखी दिसणारी पिल्लं. त्यांची फाइल उघडता येत नव्हती. जुन्या खेळाच्या पोरी मोठ्या झाल्या, नोकरीला लागल्या, पांगल्या.

२००८ मध्ये कॅनडाच्या बाईची मेल आली. प्रदर्शन बंद होतंय, इतक्या वर्षांची शेकडो कुत्री-मांजरं नाहीशी होतील, तुमचं पान अजून चालू आहे, तर तुम्ही ठेवून घ्याल का? जुन्या गोष्टीबद्दल तिने एक ओळ लिहिली होती, माफी म्हणावी तर म्हणता येईल अशी.

प्रतिभाने ती मेल गुरुजींना मराठीत वाचून दाखवली. गुरुजी आता निवृत्त होते, दुपारी क्लासात येऊन बसायचे.

"सांग तिला, आमच्या यादीत बसत नाहीत," ते म्हणाले.

"कुत्र्यांनी काय केलंय, बाबा?"

तिने बाईला लिहिलं, पाठवा. फिती नकोत, गट नकोत, नुसती जनावरं पाठवा. फाइली यायला आठवडा लागला, कारण लाइट सारखी जात होती. त्यांत तो सोनेरी शिकारीही होता. त्याचा कान तिने पुन्हा फाडला नाही. त्यालाही जागा दिली, आणि नावाच्या रकान्यात लिहिलं: भुऱ्या, सूर्यमाळ. याचा कान दुसऱ्यांनी जोडला.