ओला पाय, सुकी दांडी

तानाबाई सुताराच्या पोटी जन्मली, सुताराच्याच घरात दिली, आणि पुढं स्वतः सुतार झाली. पहिल्या दोन गोष्टी गावाला मान्य होत्या. तिसरी अजून घशाखाली उतरलेली नाही. म्हणून मी हे लिहितोय, आणि डोकं थंड ठेवून लिहायचा माझा विचार नाही.

मुरगूडच्या पलीकडं आमचं गाव. तिचा बाप गुंडू सुतार बैलगाड्या करायचा. नव्वद सालानंतर टायरच्या लोखंडी गाड्या आल्या आणि गुंडूच्या हाताला काम उरलं नाही. तानाबाई तोवर नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली होती. का आली, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तिच्या पाठचा भाऊ कृष्णात, त्याला सगळं गाव किस्ना म्हणायचं.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत गैबी उस्ताद म्हणून एक म्हातारा खुर्च्या करायचा. सगळं काम हातानं. खिळा नाही, सरस नाही, आणि लाकूड कालपरवा तोडलेलं, ओलं. शहाण्णव साली गुंडूनं किस्नाला त्याच्याकडं शिकायला धाडलं. पंधराव्या दिवशी गडी परत.

"ओल्या लाकडाची कुटं खुर्ची हुती व्हय?" म्हणाला. "येडा हाय त्यो म्हातारा."

"मग मी जातो," तानाबाई म्हणाली.

आमच्याकडं बायका जातो-येतोच म्हणतात. पुण्याच्या पावण्यांना हसायचं असंल तर खुशाल हसावं. पण गंमत बघा, बाईनं बोलावं गड्यागत ते चालतं, लाकूड तासायचा वाकस मात्र हातात धरायचा नाही.

गुंडू उखडला. "बाईमाणसानं हत्यार वलांडलं तरी आमी ते धुऊन घेतो. आणि तू धरणार?"

"धरणारच हाय की, वलांडत कुटं हाय?"

गैबी उस्तादनं मात्र जात विचारली नाही, नवरा विचारला नाही. "सकाळच्या कितीच्या गाडीनं येशील?" एवढंच विचारलं. ती पहिल्या एसटीनं जायला लागली.

काम असं होतं. बाभळीचा ओला ओंडका करवतीनं कापायचा नाही, पाचर ठोकून लाकडाच्या रेषेनं फाडायचा. मग लाकडी घोड्यावर बसायचं. घोडा म्हणजे एक लांब बाक. पायानं दाबलं की त्याचं डोकं खाली येऊन लाकूड घट्ट धरतं. दोन मुठींची सुरी आपल्याकडं ओढत त्यावर खुर्चीचा पाय तासायचा. पाय ओला ठेवायचा. आडव्या दांड्या मात्र महिनाभर चुलीवर टांगून अशा सुकवायच्या, की एकमेकींवर आपटल्या तर टणटण वाजाव्यात. सुकी दांडी ओल्या पायात ठोकली, की पुढं पाय सुकतो, आवळतो आणि दांडीला जन्माचं धरून ठेवतो.

तिनं पहिल्याच खुर्चीला माती खाल्ली. दांड्या ठोकायच्या आदल्या दिवशी तिनं त्या पाण्यात बुडवून ठेवल्या. गाडीवाल्या सुताराची लेक ती. घरी बाभळ विहिरीत बुडवूनच मुरवायची, किडीनं खाऊ नये म्हणून. हाताला तीच सवय. फुगलेली दांडी भोकात झकास बसली, आणि पंधरवड्यानं सुकल्यावर पडायला आलेल्या दातागत हलायला लागली.

उस्ताद ओरडला नाही. "आता उन्हाळाभर तू हिच्यावरच बसून जेवायचं," म्हणाला.

ती बसली. एकदा पडलीसुद्धा. पण ती चूक तिनं पुन्हा केली नाही. तीन वर्षांनी शिकणं संपलं आणि घरच्या परड्यात, गोठ्याच्या आडोशाला तिनं आपला घोडा मांडला. दारात मांडला असता तर बापाची अब्रू गेली असती म्हणं.

दोन हजार तीन साली गावात वाचनालय झालं. त्याच्या बारा खुर्च्या तिनं केल्या. ओंडके फाडण्यापासून बैठकीचा काथ्या विणण्यापर्यंत सगळं एकटीनं. उद्घाटनाला शाल-नारळ द्यायची वेळ आली आणि माईकवर नाव पुकारलं कुणाचं? कृष्णात गुंडू सुतार!

आदल्या दिवशी सरपंच राजशेखरअण्णा तिच्या दारात येऊन गेले होते. "तानाक्का, स्टेजवर गडीमाणूस बरा दिसतोय. मान काय, घरातच ऱ्हातोय की."

घरात! शाल किस्नाच्या खांद्यावर, नारळ किस्नाच्या हातात, आणि ती पाण्याच्या पिंपामागं बायकांत उभी. टाळ्या वाजवल्या आम्ही. मीही वाजवल्या. आज त्या हातांची लाज वाटते.

त्या शालीच्या जोरावर हायस्कूलच्या तीस खुर्च्यांचं काम किस्नाला मिळालं. त्यानं तिच्याच घोड्यावर, तिच्याच हत्यारांनी पाय तासले आणि दांड्या थेट विहिरीत सोडल्या. हिनं बघितलं.

"किस्ना, दांडी सुकी लागती. भाईर काढ त्या."

"आक्का, आता तू मला सुतारकी शिकवणार व्हय?"

पुढचं सांगायलाच नको. उन्हाळा सरायच्या आत खुर्च्या खिळखिळ्या झाल्या आणि गणिताचे मास्तर भर वर्गात उताणे पडले. आता बोल कुणाला लागावा? पण गावात उठलं भलतंच. "घोड्यावर बाई बसलीया, हत्याराला बाईचा हात लागलाय, मग काम टिकंल कशानं?" आणि हे बोलणारे टेकले कुठं होते? वाचनालयात, तिनं केलेल्या खुर्च्यांवर!

वाचनालयातच बैठक बसली. सरपंचांनी ठरवूनच आणलं होतं. तानाबाईनं सगळी हत्यारं किस्नाच्या ताब्यात द्यायची आणि इथून पुढं लाकडाला हात लावायचा नाही.

ती आली ती करवत घेऊन. शाळेतली एक खुर्चीही उचलून आणलेली.

"अण्णा, उठा जरा."

"का?"

"खुर्ची माझी हाय. उठा."

सरपंच उठले. तिनं आपल्याच हातची, वर्षभर वापरलेली ती खुर्ची आडवी घातली आणि पाय नेमका सांध्यावर उभा चिरला. दांडी नि पाय कुठं वेगळे होतात ते दिसत नव्हतं. तिनं कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी मोडून सरपंचांच्या हातात दिली.

"घाला बघू ही मधी."

काडी शिरेना. मग शाळेची खुर्ची चिरली. तिच्यात काडी गेली आणि वर दुसरीलाही जागा उरली.

"बाईचा हात हिला लागल्याला," ती आपल्या खुर्चीचा चिरलेला पाय वर धरून म्हणाली. "त्या दुसरीला कुणाचा लागलाय, किस्ना?"

किस्ना जमिनीकडं बघत म्हणाला, "माझाच."

कुणी माफी मागितली? छे, नावच नको. सरपंच खाकरले. "बरं, झालं गेलं. तानाक्का, त्या तीस तेवढ्या नीट करून दे."

"मी न्हाय करणार. किस्नाच करंल, माझ्या हाताखाली. हत्यारं माझ्याकडंच ऱ्हातील. आणि उद्यापास्नं घोडा दारात मांडणार हाय."

दुसऱ्या दिवशी घोडा रस्त्याच्या कडेला आला. किस्ना त्यावर बसून पाय तासतोय आणि ती उभ्या उभ्या त्याची सालटी काढतेय, हे जाणाऱ्या-येणाऱ्यानं बघितलं.

आठवड्यानं हेडमास्तर आले. ती किस्नाच्या शेजारीच सुरीला धार लावत होती. मास्तर तिच्यावरून नजर फिरवून किस्नाला म्हणाले, "कृष्णात, खुर्च्या कधी मिळतील, तेवढं बहिणीला विचारून सांग."

"मास्तर," तानाबाई म्हणाली, "मी हितंच हाय. मान वळवा आणि मलाच इचारा."

किस्ना तासायचा थांबला. मास्तरांनी मान वळवली.