बाबा छान म्हणू लागले

आईचा फोन आला तो ऐन पोळ्यांच्या वेळेला. पोळ्या लाटताना आई कधी फोन करत नाही, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"तुझे बाबा रोज जेवण छान झालंय म्हणतायत गं," ती म्हणाली. "मला भीती वाटते."

दुसऱ्या कुठल्या घरात याला कौतुक म्हटलं असतं. आमच्या कोथरूडच्या घरात हे आजाराचं लक्षण होतं. बाबांनी जन्मात कधी जेवणाला छान म्हटलेलं नाही. पोळी चिवट, वरण पातळ, कोशिंबिरीत दाण्याचं कूट सढळ, ही त्यांची रोजची आरती. आणि ज्या दिवशी सगळं जमून आलेलं असे, त्या दिवशी ते एक अक्षर न बोलता जेवत. त्या गप्प बसण्यावर आई पुढचा आठवडा काढायची.

झालं होतं असं, की थंडीत त्यांना मोठा ताप आला आणि जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. ते कुणाला बोलले नाहीत. आई भोपळ्याच्या भाजीत मीठ घालायला विसरली, बाबा दोन घास खाऊन "छान झालीये" म्हणून उठले आणि मागून जेवायला बसल्यावर आईला सगळा उलगडा झाला. जेवण दोन-चार घासांवर आलेलं, शर्टाच्या कॉलरीत मान सैल पडलेली. डॉक्टर म्हणाले, काहींची चव परत येते, काहींची नाही. ओळखीचे वास, ओळखीच्या चवी देत राहा.

आता ओळखीच्या चवी म्हणजे अख्खं पुणं. मी बँकेतून रजा टाकली, बिबवेवाडीहून सकाळीच कोथरूडला पोचले आणि बाबांना स्कूटरवर मागे बसवलं.

चव गेली असली तरी जीभ शाबूत होती, हे डेक्कनला पोचेपर्यंतच कळलं. "सिग्नल लाल आहे, तुला दिसला असेलच," हे दर चौकात. पगडीच्या आकाराचं मेट्रो स्टेशन पाहून ते म्हणाले, "डोकं चालेनासं झालं की पगडीची काळजी घ्यावी लागते." मला एवढं बरं वाटलं की मी खड्डा चुकवायचा विसरले. त्याबद्दलही ऐकून घेतलं.

पहिला मुक्काम शनिवार पेठेतली मिसळ. या दुकानात बाबा कॉलेजपासून येतात आणि कॉलेजपासून इथली मिसळ बिघडलीय. मी समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. माझ्या नाकातून पाणी यायला लागलं होतं. त्यांनी दोन चमचे खाल्ले.

"काय?"

"तोंड पोळतंय. कशाने ते कळत नाही." मग गल्ल्यावरच्या मालकांकडे वळून ते म्हणाले, "छान आहे हो."

मालक सुटे पैसे मोजायचे थांबले. "तब्येत बरी आहे ना तुमची?" त्यांनी विचारलं.

तिथून मंडई. मंडईच्या मागच्या मसाल्याच्या दुकानांत मी त्यांना चक्क फिरवलं. दगडफूल, हिंग, मिरचीचे ढीग. येणारे-जाणारे ठसकत होते आणि बाबा बागेत फिरावं तसे हात मागे बांधून चालले होते. मला त्यांचा राग यायला लागला. राग त्यांचा नव्हताच म्हणा, पण समोर तेच होते.

कॅम्पात गेलो. बेकरीतून भट्टीची गरम बिस्किटं घेतली, इराण्याकडे बन मस्का खाल्ला. बाबा सगळं आज्ञाधारकपणे खात होते, औषधासारखं. तेवढ्यात मला एक अत्तराचं दुकान दिसलं. दुकानदार चाचा पांढऱ्या दाढीचे, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातले. आमच्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलत होते. मी सगळा प्रकार सांगितला. त्यांनी मान डोलवून सर्वांत वरच्या फळीवरची बाटली काढली आणि कापसाचा फाया बाबांच्या नाकाशी धरला. मला तीन शिंका आल्या.

"छान," बाबा म्हणाले.

"साहेब, ह्याला आजवर कुणी नुसतं छान म्हटलेलं नाही," चाचा दुखावून म्हणाले आणि त्यांनी तो फाया बाबांच्या कानात खोचून दिला. पुढे दिवसभर माझ्यामागे जणू एक लग्नाचं वऱ्हाड बसलं होतं आणि बाबांना त्याचा पत्ता नव्हता.

मग शेवटचा हुकमी पत्ता म्हणून मस्तानी. उंच ग्लास आला, वर आइस्क्रीमचा गोळा. बाबांनी एक घोट घेतला, जरा थांबले, भुवई वर केली.

"केशर हात राखून टाकलंय."

मी खुर्चीतून उठलेच. आईला फोन लावायला पर्स उघडली आणि हात तिथेच राहिला. मस्तानी मी मागवली होती आंब्याची. केशराचा तिच्याशी संबंध नव्हता. त्यांनी नुसता पिवळा रंग बघितला होता.

बाबांनी माझा चेहरा वाचला. "सकाळपासून तुझं तोंड बघवत नव्हतं," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, काहीतरी खोड काढावी."

मी मस्तानी संपवली, कारण कुणीतरी संपवायला हवी होती. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मिसळीवर ढकलायचीही आता सोय नव्हती.

दुपारी बिबवेवाडीला माझ्या घरी येऊन ते झोपले. झोपेत फार लहान दिसत होते. मला पहिल्यांदा स्पष्ट भीती वाटली की हा माणूस असाच गोड बोलत बोलत जेवण सोडून देईल आणि आम्हाला कळणारही नाही. संध्याकाळी मी ठरवलं, आता खाणं बास. कात्रजच्या बाजूने हायवे धरायचा आणि सरळ कोथरूडला सोडायचं.

धायरीच्या फाट्यापाशी बाबा म्हणाले, "चहा घेऊ. पाठ अवघडलीय." पूर्वी इथे शेतं होती, आता इमारतींना शेतांची नावं आहेत, असं काहीतरी ते बोलत होते. चहाच्या टपरीशेजारी भज्यांची गाडी होती. गाडीवाल्याने आमच्याकडे बघून झारा कढईवर आपटला. "या काका, गरमागरम हायेत." नको म्हणायचा कंटाळा म्हणून मी एक प्लेट घेतली.

बाबांनी भजं उचललं. तोंडाजवळ नेलं. तसंच परत खाली ठेवलं.

"कालचं तेल आहे."

"ओ काका!" गाडीवाला उसळला. "कालचं नाय, सकाळचं हाय ते!"

"सकाळचंच असेल," बाबा म्हणाले. "कालच्या सकाळचं."

मी प्लेट नाकाशी धरली. आधी काही कळलं नाही. कापसाच्या फायाने माझंच नाक बधिर झालं होतं. मग कांद्याच्या मागून तो आला, खवट, जुना, शिळ्या तेलाचा वास. इतका सुंदर वास मी दिवसभरात घेतला नव्हता.

"दादा, अजून एक प्लेट द्या," मी म्हणाले.

"वास येतोय म्हनता, अन् अजून पायजे?"

"हिला द्या," बाबा म्हणाले. "ही आनंदात आहे." मग त्यांनी कानातला फाया काढून हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "हे घेऊन मी गावभर फिरलो? सांगायचंस तरी!"

घरी पोचलो तेव्हा आईने पानं घेतली होती. मी तिला काही सांगितलं नाही. म्हटलं, तिचं तिलाच कळू दे. बाबांनी आमटीभाताचा पहिला घास घेतला. सावकाश गिळला.

"छान झालीये आमटी."

आईच्या हातातली पळी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पुढे होऊन त्यांच्याच वाटीत बोट बुडवलं आणि चाटलं. "मीठ तर आहे," ती म्हणाली.

"आहे ना. बेताचं आहे. आमसूलही लागतंय. म्हणून तर म्हटलं."

आई मटकन पाटावर बसली. मग पदराने डोळे पुसून ती खेकसली, "अहो, मग नका हो तसं म्हणू! धडकी भरते. आवडली असेल तर पूर्वीसारखे गप्प जेवा."

बाबा गप्प जेवले. आणखी आमटी हवी होती तेव्हाही बोलले नाहीत, नुसती वाटी पुढे केली. आईने ती काठोकाठ भरली.