एक्स पार्टे होता होता

घरात सगळ्यांच्या नकला मी करतो. बाबांची तर इतकी झकास, की फोनवर आईसुद्धा फसते. पण त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ती काही कामाची नव्हती.

घरमालकाने आमच्यावर केस टाकली होती, शिंदे की छावनी मोहल्ल्यातलं घर खाली करा म्हणून. आदल्या दिवशी इंदरगंजच्या ऑफिसात वकील साहेबांनी बाबांना बजावलं, "पुकार लगे और आप न मिलें, तो एक्स पार्टे हो जाएगा." लॅटिन शब्द आहे म्हणे. आपण हजर नसलो तर जज साहेब फक्त समोरच्याचं ऐकून निकाल देऊ शकतात. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुझी बहीण आधी येऊन रडते आणि मी तुला झोडते, तसंच ना?"

अगदी तसंच. फक्त इथे घर जाणार होतं.

आणि ऐन वेळी वकील साहेब वरच्या मजल्यावर दुसऱ्या केसमध्ये अडकले. "तू इथून हलू नकोस, मी त्यांना घेऊन येतो," म्हणत बाबा जिना चढले, आणि इकडे शिपायाने बाबांचंच नाव पुकारलं.

बाबांना फोन लावला. बंद. पुन्हा नाव. मनात आलं, गर्दीतून बाबांच्या आवाजात "हाजिर हूँ" ठोकून देऊ. कोणाला कळणार? पण मग आत जाऊन उभं कोण राहणार, माझी ही चार केसांची मिशी?

तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा मी ओरडलो, माझ्याच आवाजात, तोही फाटलेला, "बेटा हूँ! पापा ऊपर वकील साहब को लेने गए हैं!"

"मुझे क्या बता रहा है," शिपाई म्हणाला, "अंदर बोल."

आत घरमालकाचे वकील म्हणत होते, "सर, एक्स पार्टे कर दीजिए." मी हात जोडून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. जज साहेबांनी वर न बघताच सांगितलं, "लंच के बाद. तब भी नहीं आए तो एकपक्षीय."

बाबा धापा टाकत खाली आले, वकिलांशिवायच. "झालं का रे?"

"नाही अजून. लंचनंतर."

मग ते दाराला लागून जे उभे राहिले, ते हललेच नाहीत. मी चहा आणला, नको. पाणी, तेही नको.

"बाबा, घ्या ना दोन घोट."

"आणि मग बाथरूमला जावं लागलं तर?"

लंचनंतर वकील साहेब पोचले, पुकार झाली, उत्तर द्यायला पुढची तारीख मिळाली. तोवर घर आमचं. बाहेर येऊन बाबा घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, "पुढच्या तारखेला आईलाही आणू. एक वर, एक खाली, आणि एक दारात."