मोतीरामच्या गाडीचं बॉनेट

गंगापूर रोडवरून नदीकडे उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर मोतीरामची गाडी येतेय, हे लोकांना ती दिसायच्या आधी पाच मिनिटं कळायचं. दूधवाला म्हशीचं दावं घट्ट धरायचा. शाळेतल्या बाई शिकवता शिकवता थांबायच्या आणि गाडी पुढे गेल्यावर राहिलेलं वाक्य पुरं करायच्या. मोतीरामला यात काही वावगं वाटत नसे. गाडी म्हटली की आवाज आलाच, असं त्याचं म्हणणं.

गाडी होती दुसऱ्या महायुद्धातली. चव्वेचाळीस सालचा, कॅनडात बनलेला, चपट्या तोंडाचा लष्करी ट्रक. युद्ध संपल्यावर देवळाली कॅम्पात लिलाव झाला, तेव्हा मोतीरामच्या बापानं, मल्हारीनं, तो उचलला. तेव्हापासून तोफांच्या मागे धावायचं सोडून त्यानं कोबी, मेथी आणि झेंडू वाहिला. या ट्रकला पुढे नाकच नाही, त्यामुळे इंजिन थेट केबिनमध्ये. उजवीकडे ड्रायव्हर, डावीकडे सोबती आणि दोघांच्या मध्ये पत्र्याच्या झाकणाखाली इंजिन. त्या झाकणाला सगळे बॉनेट म्हणत. मूळचं पेट्रोल इंजिन थकल्यावर मल्हारीनं त्यात डिझेलचं बसवलं. पेट्रोलचं निदान गुरगुरायचं, हे तर सकाळी उठल्यापासून भांडायचं.

भाजीच्या पाट्या इतक्या बाहेर आलेल्या असत की डावीकडच्या आरशात फक्त कोबी दिसायचा. म्हणून मोतीरामचं लग्न झाल्यापासून डाव्या खिडकीत त्याची बायको सखुबाई बसायची. "जाऊ द्या, हाय जागा." "थांबा, म्हातारी हाय." तिच्या या दोन वाक्यांवर गाडीनं पंचवीस वर्षं नाशिकचा बाजार केला.

दोन हजार दोनच्या चैत्रात मार्केट यार्डाच्या फाटकात सखुबाई "थांबा, थांबा" म्हणून ओरडली आणि मोतीराम थांबला नाही. फाटकात लिंबं विकणाऱ्या लताबाईच्या दोन पाट्या चाकाखाली गेल्या. लताबाईचा पाय चाकापासून वीतभर लांब होता म्हणून वाचला. सखुबाई खाली उतरली, लताबाईला जवळ घेतलं, तिची लिंबं गोळा करून दिली आणि मग नवऱ्याकडे वळली.

"घसा फुटला माझा वरडून. तुमाला काय ऐकू येत नाय. आता माझा आवाज ऐकू येईल तवाच मी या गाडीत बसन."

ती रिक्षानं घरी गेली. दुसऱ्या दिवशी मोतीरामचा कोबी शेजाऱ्याच्या टेम्पोतून बाजारात गेला आणि मोतीराम त्याच टेम्पोत मागे, पाट्यांवर बसून गेला. यापेक्षा मोठा अपमान त्याच्या आयुष्यात झाला नव्हता.

मुलगी सुवर्णा म्हणाली, "आण्णा, कानाच्या डॉक्टरला दाखवू." सुवर्णा बावीस वर्षांची. ट्रॅक्टर चालवायची, मागच्या साली गाडीचं लायसनही काढलं होतं. पण आजोबांच्या ट्रकचं स्टिअरिंग तिला फक्त अंगणात मिळायचं.

"कानाला काय धाड भरलीये?" मोतीराम म्हणाला. "कानापाशी इंजिन हाय, ते नाय दिसत? बॉनेट गप करतो. मग बघ."

आणि माणूस कामाला लागला. मोतीरामचा हट्ट सगळ्या आनंदवल्ली गावाला माहीत होता. एकदा त्यानं धरलं की धरलं.

सुरुवात त्यानं गोणपाटापासून केली. भाजीवाल्याच्या घरात ओलं गोणपाट म्हणजे रामबाण औषध. मेथी सुकते, टाका ओलं गोणपाट. फ्लॉवर पिवळा पडतो, टाका ओलं गोणपाट. बॉनेट तापून ड्रायव्हरची डावी पोटरी भाजते, तर मल्हारीच्या काळापासून तिथंही ओलं गोणपाटच. रोज सकाळी विहिरीवर भिजवायचं आणि बॉनेटवर अंथरायचं. तासभर पाय गार राहायचा. मोतीरामनं आता एकाच्या जागी चार टाकली. वाफेनं पुढची काच आतून धुरकटली आणि आवाज होता तेवढाच राहिला.

मग भद्रकालीच्या बाजारातून फोम आणला. वर छान लाल रेक्झिन शिवून घेतलं. आठवड्यात फोम वितळून पत्र्याला चिकटला आणि केबिनला असा वास सुटला की कुत्रं फिरकेना. मग काचेची लोकर. ती अंगाला लागून मोतीराम दोन दिवस खाजवत बसला. शिवाय इंजिनाचं तेल पिऊन ती चिंब झाली, तेव्हा सुवर्णानंच ती काढून फेकली. तेलात भिजलेली लोकर तापल्या इंजिनावर ठेवायची म्हणजे चूलच पेटवायची, हे तिनं बापाला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याला ऐकू आलं.

मोतीराम चुकत होता, पण थकत नव्हता. आता त्यानं परीक्षा घ्यायचं ठरवलं. जो माल आणायचा त्याचा तुकडा सखुबाईच्या तापल्या तव्यावर ठेवायचा, वर तळहात टेकवायचा आणि आकडे मोजायचे. साठाच्या आत हात उचलावा लागला की माल नापास. आवाजासाठी तेलाच्या रिकाम्या डब्यात ट्रान्झिस्टर ठेवायचा, डब्याला तो माल गुंडाळायचा आणि ट्रान्झिस्टर ऐकू येईनासा होईपर्यंत पावलं मोजत लांब जायचं. तो आठव्या पावलाला थांबून म्हणाला, "झ्याक! काय ऐकू येत नाय." सुवर्णा चाळिसाव्या पावलावरून ओरडली, "आण्णा, मला बातम्या ऐकू येतायत."

"तुझी पावलं ल्हान हायत," मोतीराम म्हणाला. सखुबाई ओट्यावरून हे बघत होती. ती भाकरीचं पीठ मळत राहिली.

सखुबाईचा भाचा कुंदन अंबडला भट्ट्यांना आतून अस्तर लावायच्या कारखान्यात सुपरवायझर होता. मोतीराम सायकलीवर त्याच्याकडे गेला. सासुरवाडीच्या माणसाची मदत घ्यायची म्हणजे मोतीरामला जड जात होतं, पण टेम्पोतल्या पाट्यांवर बसणं त्याहून जड. एका ओळखीच्या फाउंड्रीवाल्यानं त्याला अॅस्बेस्टॉसचा पत्रा देऊ केला होता, तो घेऊ का, हे त्यानं आधी विचारलं.

"अजिबात नाही, मामा. त्याचा भुगा छातीत जाऊन बसतो. आत्या शेजारी बसणार ना?" कुंदन म्हणाला आणि रविवारी घरीच आला.

त्यानं बॉनेट काढून गोठ्यात ठेवलं. खाली दोनशेचा बल्ब लावला आणि गोठ्याचं दार, खिडकी बंद केली. अंधारात बॉनेटभर उजेडाचे ठिपके उमटले, शंभरएक तरी असतील. कडेनं तर बोट जाईल एवढी फट. पत्रा कुजून चाळण झाला होता.

"जिथनं उजेड येतोय, तिथनंच आवाज येतो," कुंदन म्हणाला. "यावर तुम्ही गादी टाका नाहीतर डोंगर टाका. पत्रा कशानं खाल्ला एवढा?"

मोतीरामनं त्या चाळणीवरून बोट फिरवलं. त्याला कळलं होतं. पन्नास वर्षं रोज सकाळी बापानं आणि त्यानं त्यावर पाणी ओतलं होतं. पायाला गारवा मिळाला आणि त्याच गारव्यानं पत्रा सडवून कानाशी भोकं पाडली. इतकी वर्षं तो इंजिनाला शिव्या देत होता. त्यानं दार उघडलं, कोपऱ्यातली चारही गोणपाटं उचलली आणि उकिरड्यावर टाकून आला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, पण लाज घेऊन बसायला वेळ नव्हता.

"नवं करायचं," तो म्हणाला. "कसं करायचं ते सांग."

कुंदननं सांगितलं. उष्णता आणि आवाज हे दोन वेगळे चोर आहेत. उष्णतेला हलका, पोकळ माल अडवतो, तिथं जडपणाचा उपयोग नाही. आवाजाला जड माल लागतो, तिथं लोकर आणि फोम म्हणजे नुसती शोभा. आणि फट राहिली तर दोघेही आत येतात. मोतीरामनं हे तीनदा म्हणून घेतलं.

पुढचे तीन महिने मोतीरामचे पाय अंबडलाच लागलेले. जाड पत्र्याचं नवं बॉनेट त्यानं समोर उभं राहून वाकवून घेतलं. आतून भट्टीला लावतात ती पांढरी सिरॅमिकची लोकर इंचभर जाड बसवली आणि तिनं तेल पिऊ नये, तिचे तंतू उडू नयेत, म्हणून वर अॅल्युमिनियमचा पत्रा चारी बाजूंनी दुमडून बंद केला. तव्यावरच्या तुकड्यावर हात ठेवून त्यानं दोनशेपर्यंत मोजलं, वर सखुबाईलाही हात लावून बघायला लावला. बाहेरून खाणीत दगड वाहणाऱ्या पट्ट्याचं जुनं जाड रबर. ते एवढं जड की बॉनेट उचलायला दोन माणसं लागायला लागली. कडेला रबराची पट्टी, तिच्यावर दाबून बसतील अशा चार कड्या. पहिल्या खेपेला कड्या सैल निघाल्या, दुसऱ्या खेपेला एक तिरकी. कारागीर म्हणाला, "चालतंय की, काका." मोतीराम म्हणाला, "चालत नाय." पुन्हा गोठा, पुन्हा बल्ब. तिसऱ्या खेपेला गोठ्यात मिट्ट काळोख झाला, तेव्हा मोतीराम त्या काळोखात एकटाच हसला.

नवरात्राच्या आधी कोबीचा माल भरून गाडी इगतपुरीला निघाली. डाव्या खिडकीत सखुबाई. मध्ये, बॉनेटवर, सुवर्णा. त्या जागेवर आजवर कोणी बसू शकलं नव्हतं.

पाथर्डी फाटा गेला, विल्होळी गेली. इंजिन चालू आहे हे मोतीरामला पायाला कळत होतं, पण ते भांडण मात्र मिटलं होतं. त्याची छाती फुगली होती. फक्त एक गोष्ट त्याला टोचत होती. सखुबाई एक अक्षर बोलत नव्हती. वाडीवऱ्हे मागे पडलं तरी गप्पच. पाच महिन्यांनी गाडीत बसली, तरी बाईचा फुगा काही उतरेना.

"आता तरी तोंड उघड की," तो शेवटी म्हणाला. "एवढं समदं कुणासाठी केलं मी?"

सुवर्णानं आईकडे बघितलं, मग बापाकडे. ती हळू बोलली नाही, त्याच्या मानेमागून उजव्या कानाशी वाकून बोलली.

"आण्णा, आई विल्होळीपास्नं बोलतीये."

मोतीरामनं मान पूर्ण वळवली. सखुबाईचे ओठ हलताना त्याला दिसले. त्यानं गाडी कडेला घेतली आणि उभी केली.

"काय बोलत व्हतीस?"

"काय नाय." सखुबाईनं पदरानं डोळे टिपले. "गाडीत माझाच आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला, असं म्हनत व्हते. तुमी बघितलंच नाय."

मोतीरामनं बॉनेटवर हात ठेवला. ते फक्त कोमट होतं. त्यात काही खोट नव्हती. इंजिनाकडे असायचा तो डावा कान, सखुबाईकडे असायचा तोही तोच, आणि तो कधीच गेला होता. आता दोष द्यायला गाडीत काही उरलं नव्हतं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

मग त्यानं नाक पुसलं, दार उघडून खाली उतरला आणि गाडीला पुढून वळसा घालून डाव्या दाराशी आला.

"सुवर्णा, तू तिकडं सरक. सखू, तू मधी बस."

"आण्णा, रस्त्यावर? मी?"

"मग काय वावरात? माझा कान गेला तो गेला. तुझे दोन्ही शाबूत राहतील, एवढं पक्कं केलंय मी हे. चल, गेअर टाक."

तो डाव्या खिडकीत बसला. उजवा कान आता केबिनकडे होता. सुवर्णानं गाडी जपून रस्त्यावर घेतली. पुढे घोटीच्या बाजारातली गर्दी आली, सायकली, टोपल्या, शेळ्या. मोतीरामनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि पंचवीस वर्षं बायको जशी ओरडायची तसा बेंबीच्या देठापासून ओरडला, "जाऊ दे, हाय जागा!"

"एवढं वरडू नका," सखुबाई शेजारून म्हणाली. "ऐकू येतं आमाला."

मोतीरामनं मान आत घेतली. पुढची हाक त्यानं हळू दिली.