नव्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव

आमच्या मालकांना आकड्यांचं वेड. मुरगूडकडचं शेतकऱ्याचं पोर, महाराजांच्या बोर्डिंगात राहून शिकलं आणि कोल्हापुरातच शाळामास्तर झालं. लग्न होऊन आल्यावर मला घरी बसवून अंकगणित त्यांनीच शिकवलं. शेजारीण हसायची, "भाकरीबी मोजून भाजतीस व्हय गं?" मी म्हणायची, "व्हय, म्हणून तर करपत न्हाईत."

एकदा ते वर्गात बोलून गेले, की पाच अंकी आकड्यांतली शेवटची मूळ संख्या म्हणजे नव्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच पुरता भाग जात नाही. दुसरे एक मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, एवढा मोठा आकडा कुठं ना कुठं फुटणारच, कुणब्याला गणितातलं काय कळतंय! ते यांच्या जिव्हारी लागलं. पडताळा घ्यायला बसणार, तोच क्षयानं अंथरूण धरायला लावलं.

मग भागाकार माझ्याकडे आले. तीनशे तेरापर्यंतच्या पासष्ट मूळ संख्यांनी भागून बघितलं की पुरे, असं त्यांनी समजावलं. रोज एक. त्यांच्या उशाशी धूळपाटी घ्यायची, म्हणजे बारीक माती पसरलेली फळी. बोटानं आकडे काढायचे, बाकी सांगायची, पुसायचं. "उरली न्हवं?" ते विचारायचे. उरली म्हटलं की दोन घास जास्त जेवायचे. मला त्या बाकीचीच भूक लागली होती.

शंभराच्या आतल्या पंचवीस निभावल्या. सव्विसाव्या दिवशी एकशे एक. नव्याण्णव वेळा भाग गेला आणि खाली शून्य. खोटं बोलता आलं असतं. पण आकड्यात लबाडी करायची नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. "भाग गेला," मी म्हटलं.

"म्हंजे त्या मास्तराचंच खरं," ते म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड केलं. पुन्हा त्यांनी आकड्याचं नाव काढलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी गेले.

बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या. वर्षभर मी धूळपाटी बघितली नाही. मग एका सकाळी, रागानंच, तोच एकशे एकचा भागाकार मांडला. या वेळी भाग नऊशे नव्वद वेळा गेला आणि खाली एक उरला. मग ध्यानात आलं. गेल्या वर्षी भागाकार लिहायला हात उजवीकडं नेताना मनगटभर बांगड्या मातीवरून घासल्या होत्या आणि कडेचा शेवटचा एक पुसून गेला होता; मी भागले ते नुसते चार नऊ. भाग किती वेळा गेला हे बघतंय कोण, आम्हाला फक्त बाकीशी काम. ते खरे होते, आणि मीच त्यांना हरवून पाठवलं. अजून त्या हाताचा मला राग येतो.

उरलेले एकोणचाळीसही मी रोज एक करून पुरे केले. कशानंच भाग गेला नाही. शेवटच्या दिवशी मोठ्यांदा बोलून गेले, "अहो, न्हाई फुटली!"

आतून सासूबाईंनी विचारलं, "कुणाशी बोलतीस गं?"