रेशमाच्या शेडमधली फवारणी

माझं लग्न होऊन तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी आणि मी मिळून रेशीमकिडे पाळायला घेतले. नव्वद सालानंतरची गोष्ट. भवानीनगरच्या पुढे, कालव्याच्या कडेला आमची वस्ती. सगळीकडे ऊस. सासऱ्यांच्या तरुणपणी घरात मेंढरं होती, ती कधीच गेली होती. आम्ही दोघी बारामतीला शिबिराला जाऊन तुतीची लागवड शिकून आलो, किड्यांची अंडी आणली, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मेंढरं गेली, आता किडं आलं. संभाळा."

जाऊबाईंना मी अक्का म्हणायची. माझं पहिलं मूल पोटातच गेलं, त्या दिवसांत त्या स्वतःची पोरं सासूबाईंपाशी निजवून माझ्याजवळ झोपायच्या. न बोलता पाय दाबून द्यायच्या. सख्खी बहीण असती तर याहून वेगळं काय केलं असतं, असं मला वाटायचं.

घरामागच्या गोठ्याला लागून आम्ही शेड घातलं. रेशीमकिडा मोठा नाजूक. आत जाताना हात धुवायचे, डोक्याला वासाचं तेल लावायचं नाही. सासऱ्यांना तंबाखूमुळं उंबऱ्याच्या आत बंदी होती. तुतीवर कसली फवारणी करायची नाही. अळ्या ठेवलेल्या मांडणीवर मुंग्या चढू नयेत म्हणून तिच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या. अळ्यांनी शेवटची कात टाकली की त्या अशा हपापून पाला खात, की बाहेर उभं राहिलं तरी वाळक्या पानांतून शेळ्या चालल्यासारखा आवाज येई. अक्का म्हणायच्या, "ऐक. आपला कळप चरतोय."

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता वस्तीवर थंडीताप आला. एका घरातलं माणूस उठलं की दुसऱ्या घरातलं अंथरुणाला खिळायचं. शेजारच्या घरातली गरोदर सून तापात गेली. मग अक्कांची सहा वर्षांची लेक आजारी पडली. तिसऱ्या दिवशी ती आईला ओळखेना, डोळे फिरवायला लागली. जीपमध्ये घालून तिला बारामतीला नेलं. डॉक्टर म्हणाले, मलेरिया डोक्यात गेलाय. अक्का तिथं दवाखान्यातच राहिल्या. इकडं मी एकटी पाला तोडत होते आणि अळ्यांना घालत होते. पोर वाचली. परत आली तेव्हा तिला डाव्या कानानं कमी ऐकू येत होतं आणि चालताना ती भिंत धरायची.

त्याच आठवड्यात देवळापुढं गावाची बैठक झाली. घरोघर औषध मारायचं, गोठे, शेडं काही सोडायचं नाही, असं ठरत होतं. एक म्हातारा म्हणाला, "मधमाशी मरंल, तळ्यातलं मासं मरत्याल."

दुसरा उसळून म्हणाला, "मरू द्या! डासाबरूबर समदं मेलं तरी चालंल. माझी सून परत येणार हाय का माशामुळं?" सून गेलेल्या घरातलाच तो माणूस.

मी उभी राहिले. बायका सहसा बोलत नसत. म्हटलं, "आबा, औषध मारू नका असं मी म्हणत न्हाय. आमच्या अळ्या चार-पाच दिसांत कोष करत्याल. तेवढं आमच्या घरापुरतं थांबा. मग शेड मोकळं करून देते, आतून बाहेरून मारा."

सरपंच आबांनी मान हलवली. "पोरीचं म्हननं रास्त हाय. कोष झाल्याबिगर तुमच्या घराकडं पंप यायचा न्हाय. माझा शबूद."

अक्का माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी माझा हात दाबला. मला वाटलं, धीर देतायत.

दोन दिवसांनी सकाळी मालक म्हणाले, "इंदापूरला आईला बघून ये. कवाधरनं गेली न्हाईस." मी म्हटलं, अळ्या ऐन भरात आहेत, आत्ता कसं जायचं? तर अक्का म्हणाल्या, "मी हाय की. एक दीस मला जमत न्हाय व्हय? जा, तोंड बघ तुझं, किती वाळलंय." सासूबाईंनी हातावर दही घातलं. मालकांनी स्वतः सायकलवरून थांब्यापर्यंत सोडलं. इतकी माया एकदम कुठून आली, हे मला कळायला हवं होतं. मी तर बसमध्ये बसून सुखावले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. अंगणात पाय ठेवला आणि तो उग्र वास नाकात गेला. भिंतींवर पांढरट ओघळ. मी पिशवी टाकून शेडकडं धावले. दार सताड उघडं होतं. मांडणीवर अळ्या वाकड्यातिकड्या होऊन पडल्या होत्या. तोंडातून हिरवट पाणी आलेलं. काही अजून डोकं झुलवत होत्या. पाला तसाच, न खाल्लेला. तो चरण्याचा आवाज नव्हता. खाली सांडलेल्या अळ्या कोंबड्यांनी टिपल्या होत्या आणि गोठ्याच्या भिंतीशी दोन कोंबड्या पंख पसरून पडल्या होत्या.

मी फवारणीवाल्यांना शिव्या देत, आबांना शिव्या देत अंगणात आले. "शबूद दिला होता! चार दीस दम निघाला न्हाय यांना!"

अक्का ओट्यावर लेकीची वेणी घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "त्यास्नी कशाला बोलतीस? त्यांनी दोनदा इचारलं. शेडचं दार मीच उघडून दिलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तुमी?"

"त्या वाट्यांत बघितलंस कधी? मांडणीखालच्या? वळवळ करत हुते. डासाची पोरं. आपून दोघी हितं किडं पाळत हुतो, का डास, सांग बरं."

"वाट्या उपड्या केल्या असत्या मी! मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू न्हाय म्हनली असतीस. चार दीस, चार दीस केलं असतंस. माझ्या पोरीला चार दिसांतच धरलं तापानं."

मी मालकांकडं वळले. ते गोठ्याच्या खांबाला टेकून उभे होते. मी विचारलं, "अहो, तुमाला ठावं होतं?" ते गव्हाणीतली वैरण सारखी करायला वाकले. मग सासूबाईंकडं पाहिलं. त्या उठून आत गेल्या. तेव्हा मला ते दही, ती सायकल, सगळं एकदम समजलं. माझ्याखेरीज घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

मेलेल्या अळ्या मी एकटीनं उकिरड्यात पुरल्या. मालक फावडं घेऊन आले, मी ते हातात घेतलं आणि त्यांना परत पाठवलं.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. डास नावाचं जित्राब जगातून उठलं तर मी रडणार नाही. भिंत धरून चालणारी ती पोर मी रोज बघत होते. आणि अक्कांनी विचारलं असतं, तर मी खरंच नाही म्हटलं असतं का? म्हटलंही असतं. पण मग समोरासमोर भांडलो असतो, कुणीतरी हरलं असतं. त्यांनी मला हरायलाही बोलावलं नाही. अंगणातनं लांब नेऊन सोडलं.

त्या थंडीत वस्तीवरचा ताप ओसरला, हे खरं. पुढच्या पावसाळ्यात कालव्याच्या पाझराला डास पुन्हा झाले, हेही खरं. पुन्हा पंप आले. त्या वर्षी तळ्याकडच्या झाडांवर काजवे दिसले नाहीत. कुणी त्याचं काही बोललं नाही, मीही नाही.

अक्का आणि मी एकाच चुलीवर स्वयंपाक करत राहिलो. मीठ दे, भाकरी उलट, एवढं बोलणं चालू होतं. दोन वर्षांनी मी माळावर, घरापासून लांब, स्वतःचं नवं शेड घातलं. दाराला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात बांधली. मांडणीच्या पायांना पाण्याऐवजी राखेचं कडं घातलं.

एकदा माझा पाला कमी पडला. ते अक्कांना कुणाकडनं तरी कळलं असावं. भर उन्हात डोक्यावर तुतीच्या पाल्याचा भारा घेऊन त्या माळावर आल्या. घामानं चोळी भिजली होती. भारा दारात टाकून म्हणाल्या, "घाल. उपाशी हायती."

मी भाऱ्यातली दोन पानं काढली. वास घेतला. मग आतून चार अळ्या एका ताटलीत आणल्या, त्यांच्यापुढं ती पानं ठेवली आणि मरतात का बघत दारातच बसून राहिले. अक्का पदरानं तोंड पुसत उभ्या होत्या. मी काय करतेय हे त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. एवढंच.

अळ्या पानं खाऊ लागल्या. मी मान वर केली तेव्हा अक्का माळ उतरून निम्म्या वाटेवर पोचल्या होत्या. मी हाक मारली नाही.