पश्चिमेची पांढरी माती

तुम्ही दर वेळी फोनवर विचारता, आजी, मागच्या खोलीवर तू स्लॅब का घालत नाहीस. नीट सांगते.

मुदखेडच्या अलीकडे आपलं शेत आहे, त्यात ती टेकडी. तिच्या माथ्यावर हजारो वर्षांपूर्वी वस्ती होती. नांगराला काळ्या रेघांची खापरं लागतात. उतारावर माती अडवणाऱ्या दगडी ताली कुणी रचल्या हे तुमच्या पणजोबांनाही ठाऊक नव्हतं. आपण अजून त्यांच्याच आत ज्वारी पेरतो. माथ्यावरच्या पिकात, जिथे खाली जुन्या भिंती आहेत तिथल्या ओळी दरवर्षी बुटक्या राहतात. राखणीच्या माळ्यावरून पाहिलं की त्या ओळींच्या खोल्या दिसतात, दारांसकट.

तिथली माती पांढरी, चिकट. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पसरून चोपली की पाणी आत येत नाही. सासूबाई भाकरीचा तुकडा ठेवून माती काढायला लावत, तीही पूर्वेकडूनच. पश्चिमेला कुणाला फावडं लावू देत नसत. मी शिकलेली, मला ते उगाच वाटे.

त्या गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी ट्रॅक्टर पश्चिमेला लावला. वाट तिकडून सोपी होती.

"सासूबाई घमेल्यानं न्यायच्या, तुम्ही टेकडीच उचलून राहिलात," सालगडी हसला.

दुसरी ट्रॉली भरताना त्याचं फावडं थांबलं. दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी. एक फुटलं होतं. आत पाखराची असावीत तशी हाडं.

"माय, लेकराचं हाय हे. हात लावू नका."

"फार जुनं आहे."

"आसंल. आमच्यात बी आसंच पुरत्यात."

मी तालीवर बसले. तुमच्या बाबांच्या आधी मला एक मुलगी झाली होती. तिसऱ्या दिवशी गेली. सासूबाई तिला टेकडीकडे घेऊन गेल्या. सोबत दोन कोरी मडकी होती. कुठे पुरलं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

"अजून उकरून बघू का?" सालगड्याने हळूच विचारलं. त्याला माहीत असावं.

मी नको म्हणाले. मडकी होती तशी झाकली, ट्रॉली तिथेच रिकामी करवली आणि भाकरीचा तुकडा ठेवला.

पण पहिल्या ट्रॉलीची माती सकाळीच मागच्या खोलीवर चोपून झाली होती. तिच्यात काय आलं ते कुणी पाहिलं नव्हतं.

स्लॅब घालायचा तर ती माती खाली काढावी लागेल, आणि काढली तर मी ती चाळल्याशिवाय राहणार नाही. छत गळत नाही. मी त्याच खोलीत झोपते.